सेकंडहँड गाडी मिसिंग करते? पार्ट बदलण्याआधी दोष असा शोधा

सिग्नलला उभी असताना गाडी थरथरते. पहिल्या गिअरमध्ये रेस दिली की दोन झटके मारते आणि मग सुटते. एसी चालू ठेवून उड्डाणपुलाचा चढ घेतला तर पिकअपच राहत नाही. गॅरेजच्या भाषेत हे 'मिसिंग'. म्हणजे कुठल्या तरी सिलिंडरमध्ये इंधन जळायच्या वेळी जळत नाही, किंवा अर्धवट जळतं.

मुळात कारणं चारच: ठिणगी, इंधन, हवा आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण दाबलं जाणं). पण या चारांच्या मागे वीसेक पार्ट उभे असतात, आणि अंदाजाने एकेक बदलत गेलात तर खिसा रिकामा होईपर्यंत दोष सापडत नाही. आधी प्लग, मग कॉइल (प्लगला ठिणगीसाठी व्होल्टेज देणारी), मग 'इंजेक्टर क्लीनिंग', शेवटी 'ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) गेला वाटतं', असा हा प्रवास असतो. तो टाळायचा तर एकच शिस्त पाळा: नवा पार्ट विकत घेण्याआधी जुन्याची जागा बदलून बघा. त्याला पैसे लागत नाहीत आणि उत्तर पक्कं मिळतं.

हा लेख पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांपुरता आहे. डिझेलला प्लग-कॉइल नसतात, तिथली तपासणी वेगळी.

हाताशी काय हवं

- ब्लूटूथ ओबीडी अडॅप्टर (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेले दोष वाचणारा) आणि फोनवर एखादं ओबीडी अ‍ॅप. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर अडॅप्टर सहज मिळतो. अगदी स्वस्तातले नकली 'ईएलएम ३२७' काही गाड्यांशी जोडलेच जात नाहीत, म्हणून परत घेईल अशाच दुकानातून घ्या.
- साधा डिजिटल मल्टिमीटर.
- प्लग पाना, म्हणजे आत रबर किंवा चुंबक असलेली लांब गोटी. बहुतेक गाड्यांना १६ मिमी लागते, काही नव्यांना १४, जुन्यांना २१. सोबत एक्स्टेन्शन रॉड आणि १० मिमीची गोटी (कॉइलचा बोल्ट बहुधा १० चाच असतो).
- फिलर गेज (बारीक फट मोजायच्या पातळ पट्ट्या), टॉर्च, सुती फडकं, मार्कर.
- कागदपत्रं: आरसी, सर्व्हिसची बिलं, जुन्या पीयूसीच्या पावत्या. सीएनजी असेल तर किटची नोंद आरसीवर आहे का ते बघा आणि गॅस सिलिंडरचं हायड्रो टेस्टचं (पाण्याच्या दाबाखालच्या तपासणीचं) प्रमाणपत्र मागा (ही टेस्ट दर ३ वर्षांनी करावी लागते).

पीयूसीची पावती लोक फेकून देतात, पण ती बोलते. न जळलेलं इंधन सायलेन्सरमधून बाहेर पडलं की एचसीचा (हायड्रोकार्बनचा) आकडा चढतो. पेट्रोलवरच्या बीएस-४ गाडीला आयडलिंगची (गाडी उभी, रेस न देता इंजिन चालू) मर्यादा २०० पीपीएम आहे. मागच्या पावतीत ४० असलेला आकडा या वेळी १७० झाला असेल तर गाडी 'पास' आहे, पण काहीतरी बिघडायला लागलंय.

१. हे मिसिंगच आहे का?

तीन सिलिंडरची गाडी उभ्या जागी थोडी थरथरणारच. इंजिन माउंटिंग बसलं असेल तर स्टिअरिंग आणि सीट हादरतात, पण आरपीएमचा काटा स्थिर असतो आणि पिकअप जात नाही. फक्त क्लच सोडताना थरथर होत असेल तर क्लच प्लेटकडे बघा.

खात्री करायची सोपी युक्ती: गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक वर, इंजिन चालू. सायलेन्सरच्या तोंडापासून चार बोटं अंतरावर कागदाची पट्टी धरा. निरोगी इंजिनात पट्टी एकसारखी बाहेर फडफडते. ठरावीक ठेक्याने एक धक्का गाळला जात असेल, म्हणजे फट-फट-(रिकामं)-फट असं वाजत असेल, तर एकच सिलिंडर आळशी आहे. ठेका नसेल, कधीही कुठेही चुकत असेल, तर सगळ्या सिलिंडरना सामाईक असलेलं काहीतरी बघायचं: हवा, इंधनाचा दाब, सेन्सर. पट्टी मधूनच आत ओढली जात असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नसल्याची शक्यता धरा आणि थेट नवव्या पायरीवर या.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घ्या. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर शुद्ध करणाऱ्या डब्यात) जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळवतं. मग प्लगच्या दुरुस्तीचं काम कन्व्हर्टरच्या खर्चावर जातं. स्थिर दिवा असेल तर हळू चालवत गॅरेज गाठता येतं.

आणि दिवा लागतच नसेल? चावी 'ऑन' करा, इंजिन सुरू करू नका. चेक इंजिनचा दिवा लागलाच पाहिजे, आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. चावी फिरवूनही तो अंधारातच असेल तर कुणीतरी बल्ब काढलाय किंवा मागे टेप लावलाय. अशा गाडीचा सौदा तिथेच थांबवा.

२. इंजिन थंड असतानाच बघा

गाडी बघायला जाताना विकणाऱ्याला आधीच सांगा की मी येईपर्यंत सुरू करू नका. पोहोचल्यावर पहिलं काम, बोनेटवर हात ठेवा. गरम लागला तर एखादा दोष लपवण्यासाठी ती आधीच फिरवून आणलेली असू शकते. दुसऱ्या दिवशी सकाळी या.

मिसिंग कधी होते हे लिहून ठेवा, अर्धं निदान त्यातच आहे. सकाळी पहिलं मिनिटभरच होत असेल तर रात्रभर थेंब गाळणारा इंजेक्टर, सिलिंडरमध्ये उतरणारं कूलंट, किंवा झिजलेले प्लग. गरम झाल्यावर फक्त आयडलिंगला होत असेल तर व्हॉल्व्हचं टॅपेट (व्हॉल्व्हला ढकलणारा भाग) घट्ट झालंय किंवा कॉइल तापून दम सोडतेय. चढावर, भरल्या गाडीत, चौथ्या गिअरमध्ये रेस दिल्यावर होत असेल तर प्लग, कॉइल किंवा पेट्रोलचा कमी दाब. ही शेवटची तपासणी करायला पूर्व द्रुतगती महामार्गावरचा एखादा उड्डाणपूल सकाळी सहाला पुरेसा आहे. नऊनंतर तिथे चौथा गिअर पडत नाही.

३. स्कॅन करा, पण कोड पुसू नका

ओबीडीचं सॉकेट स्टिअरिंगच्या खाली असतं. भारतात एप्रिल २०१३ पासूनच्या गाड्यांना ओबीडी-२ आहे. त्याआधीच्या गाडीत सॉकेट असलं तरी साधं अ‍ॅप जोडलं जाईलच असं नाही, तिथे त्या कंपनीचा स्कॅनर असलेलं गॅरेज लागतं.

कोड असे वाचा. पी०३०० म्हणजे अनेक सिलिंडरमध्ये, विखुरलेली मिसिंग. पी०३०१ ते पी०३०४ मधला शेवटचा आकडा सिलिंडरचा क्रमांक. बहुतेक इंजिनांत पुली-बेल्टच्या बाजूचा सिलिंडर पहिला, पण गाडीचं मॅन्युअल बघून खात्री करा. पी०१७१ सोबत असेल तर मिश्रणात हवा जास्त आहे. पी०३५१ पासूनचे कोड कॉइलच्या वायरिंगचे, पी०२०१ पासूनचे इंजेक्टरच्या वायरिंगचे.

सर्वांत मोठी चूक इथेच होते: पी०३०२ दिसला की दुसऱ्या सिलिंडरची कॉइल मागवायची. हा कोड फक्त पत्ता सांगतो, दोष कुठला ते सांगत नाही.

कोडसोबत 'फ्रीझ फ्रेम' असते. दोष नोंदला गेला तेव्हाचा आरपीएम, कूलंटचं तापमान, वेग आणि लोड त्यात असतो. फोनवर त्याचा स्क्रीनशॉट काढा. कोड पुसला की तीही जाते.

गाडी विकत घेण्याआधी आणखी एक पान उघडा, 'रेडिनेस मॉनिटर'. कॅटॅलिस्ट, ऑक्सिजन सेन्सर अशा बऱ्याच तपासण्यांसमोर 'अपूर्ण' दिसत असेल आणि कोड मात्र एकही नसेल, तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढलेली आहे. विकणाऱ्याला विचारा, बॅटरी कधी काढली होती? उत्तराआधीची शांतता लक्षात ठेवा.

४. सीएनजीचं बटण: फुकटचा स्कॅनर

मुंबईतल्या सेकंडहँड गाड्यांमध्ये सीएनजी भरपूर, आणि निदानाच्या दृष्टीने ही सोयच आहे. तीच गाडी, तेच प्लग, तेच कॉम्प्रेशन, फक्त इंधन बदलायचं. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर एकाच रस्त्यावर दहा मिनिटं पेट्रोलवर आणि दहा मिनिटं गॅसवर चालवा.

*फक्त सीएनजीवर मिसिंग.* आधी ठिणगीकडे बघा, गॅस किटकडे नंतर. पेट्रोलच्या तुलनेत सीएनजीचं मिश्रण पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं. झिजून टोकांमधला गॅप वाढलेला प्लग पेट्रोलवर वेळ मारून नेतो, गॅसवर उघडा पडतो. प्लग-कॉइल ठीक निघाले तरच गॅसचा लो-प्रेशर फिल्टर, गॅसचे इंजेक्टर आणि रिड्यूसर (गॅसचा दाब उतरवणारा). यांना स्वतः हात लावू नका. सिलिंडर भरलेला असताना दाब २०० बारच्या आसपास असतो, ते अधिकृत किटवाल्याचंच काम.

*फक्त पेट्रोलवर मिसिंग.* ठिणगी आणि कॉम्प्रेशन बरंच निर्दोष सुटलं. पेट्रोलचा इंजेक्टर, पंप, फिल्टर किंवा खुद्द पेट्रोल. गॅसवर पळणाऱ्या गाडीत पाच लिटर पेट्रोल महिनोन्‌महिने पडून राहतं. त्यातलं इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं आणि वापरात नसलेल्या इंजेक्टरच्या तोंडाशी चिकट थर बसतो. आधी दहा लिटर ताजं पेट्रोल भरा, ऐंशी-शंभर किलोमीटर पेट्रोलवरच चालवा, मग पुन्हा तपासा. बऱ्याचदा एवढ्यावर भागतं.

*दोन्हींवर सारखीच.* प्लग, कॉइल, हवेची गळती, कॉम्प्रेशन. पुढे वाचा.

५. कॉइलची जागा बदला

इंजिन थंड, चावी काढलेली. समजा कोड पी०३०१ आहे. पहिल्या सिलिंडरच्या कॉइलवर मार्करने खूण करा. कनेक्टरची कळ दाबून तो सरळ ओढा, वायरला धरून ओढू नका. उन्हाने, उष्णतेने हे प्लास्टिक बिस्किटासारखं झालेलं असतं आणि कळ तुटली की कनेक्टर सैल बसून नवीनच मिसिंग सुरू होते. १० मिमीचा बोल्ट काढा, कॉइल डावी-उजवी थोडी फिरवून वर घ्या.

ती तिसऱ्यावर लावा, तिसऱ्याची पहिल्यावर. आता कोड पुसा आणि पंधरा-वीस मिनिटं चालवा.

- कोड पी०३०३ झाला: कॉइल खराब. फक्त तीच बदला.
- कोड पी०३०१ च राहिला: कॉइल निर्दोष. आता याच पद्धतीने प्लगची अदलाबदल.
- कोड आलाच नाही: कनेक्टरचा सैल संपर्क असू शकतो, काढून लावल्याने तात्पुरता बसला. आठवडाभर लक्ष ठेवा.

तीन-चार वायर असलेल्या कॉइलच्या आतच इग्नायटर असतो, त्यामुळे मल्टिमीटर लावून 'ओहम बरोबर आहे, कॉइल चांगली' असं म्हणता येत नाही. अदलाबदलच खरी. इंजिन चालू ठेवून कॉइल उपसून ठिणगी बघायचा जुना प्रकार करू नका. तिथे २० हजार व्होल्टच्या वर दाब असतो. हाताला झटका बसतो तो बसतोच, वर ईसीएमही जाऊ शकतो.

जुन्या गाडीत प्रत्येक प्लगवर कॉइल नसेल, लांब केबल असतील, तर रात्री अंधाऱ्या जागी बोनेट उघडून इंजिन चालू ठेवा आणि केबलवर पाण्याचा बारीक फवारा मारा, हात लांब. फुटलेल्या केबलवरून निळसर ठिणग्या हेडकडे उड्या मारताना डोळ्यांनी दिसतात.

६. प्लग काढा आणि वाचा

प्लग काढण्याआधी विहिरीतली (प्लग बसतो त्या खोल खळग्यातली) धूळ हवेने उडवा, नाहीतर खडा सिलिंडरमध्ये जातो. इंजिन गरम असताना अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमधून प्लग काढलात तर आटे जायची भीती.

काढलेले प्लग क्रमाने वर्तमानपत्रावर ठेवा आणि शेजारी-शेजारी बघा. फिकट तपकिरी किंवा राखाडी टोक म्हणजे ठीक. कोरडा काळा काजळीचा थर असेल तर पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर. ओला तेलकट असेल तर पिस्टनच्या रिंग किंवा व्हॉल्व्हच्या सीलमधून ऑइल. पांढरा, फोड आल्यासारखा असेल तर हवा जास्त. बाकीच्यांपेक्षा एकच प्लग धुतल्यासारखा चकचकीत असेल तर तिथे कूलंट शिरतंय. रेडिएटरची पातळी कमी होतेय का बघा.

मग पांढऱ्या चिनी मातीचा भाग टॉर्चखाली धरा. वरपासून खालपर्यंत पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर ठिणगीने तिथून चोरवाट काढली आहे. त्याच रेघेचं प्रतिबिंब कॉइलच्या रबरी नळीच्या आत असतं. अशा वेळी प्लग आणि रबर दोन्ही बदला. एकच बदललात तर जुनं नव्याला महिन्याभरात खराब करतं.

विहिरीत ऑइल साचलेलं असेल तर व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट आणि प्लग ट्यूबचे सील गेलेत. ऑइलमध्ये रबर फुगतं. गॅस्केट न बदलता कॉइल बदलणं म्हणजे गळत्या छताखाली नवी गादी टाकणं.

गॅप मॅन्युअलप्रमाणे. पेट्रोलला बहुधा ०.८ ते १.१ मिमी, सीएनजीला त्यातली खालची बाजू. इरिडियम प्लगच्या बारीक टोकाला फिलर गेजने टोचू नका. बसवताना पहिले आटे हातानेच फिरवा. वॉशर असलेला नवा १४ मिमी आट्याचा प्लग हाताने घट्ट बसल्यावर पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, बस. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सगळं मिळतं, नकलीसुद्धा. छापील बिल देणाऱ्या दुकानातूनच प्लग घ्या.

७. पाऊस, वॉशिंग आणि उंदीर

पहिल्या पावसानंतर सुरू झालेली मिसिंग असेल तर वायपरखालची काळी जाळी बघा. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत सोनमोहराच्या पाकळ्या आणि पर्जन्यवृक्षाची बारीक पानं तिथे कुजून चिखल होतो, निचऱ्याचं भोक बुजतं आणि पाणी काही गाड्यांत थेट कॉइलवर टपकतं. एक बाटली पाणी जाळीवर ओता. चाकाच्या मागून खाली आलं नाही तर भोक बंद आहे.

प्रेशर जेटने इंजिन धुतलं असेल तर प्लगच्या विहिरी पाण्याने भरतात. विकण्याआधी इंजिन आरशासारखं चमकवलेलं असेल तर हे आधी तपासा. पाणी फडक्याने टिपा, हवेने वाळवा, रबराच्या आतल्या कडेला डायलेक्ट्रिक (वीज न वाहणाऱ्या) ग्रीसचा पातळ हात द्या.

गाडी कधी पाण्यात बुडाली होती का, हे मुंबईत विचारायचं नसतं, बघायचं असतं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला मातीची रेघ आहे का? सीटखालच्या पट्ट्या गंजल्यात का? इंजेक्टरचा एक कनेक्टर काढा: पिनांवर हिरवट पावडर असेल तर मिसिंग हा फक्त पहिला त्रास आहे, रांगेत पुढचे उभे आहेत.

स्टिल्ट पार्किंगमधल्या गाडीत उंदीर हा नेहमीचा आरोपी. इंजेक्टरच्या वायरीवर दातांच्या खुणा, बॅटरीशेजारी लेंड्या किंवा पावाचे तुकडे शोधा. कुरतडलेली वायर नुसती टेप गुंडाळून जोडू नका. झाळून, वर हीट श्रिंक नळी लावून घ्या, वायरमनला तसं स्पष्ट सांगा.

८. हवा आणि इंधन

प्लग-कॉइल निर्दोष सुटले तर अ‍ॅपवर 'फ्युएल ट्रिम' उघडा, म्हणजे ईसीएम इंधन किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय तो आकडा. अल्पकालीन आणि दीर्घकालीन आकड्यांची बेरीज साधारण उणे १० ते अधिक १० टक्क्यांत असावी. आयडलिंगला अधिक २० आणि २५०० आरपीएमला नॉर्मल, तर कुठून तरी चोरून हवा शिरतेय: फाटलेला व्हॅक्यूम पाइप, इनटेकचं गॅस्केट, ब्रेक बूस्टरची नळी. उलट, रेस दिल्यावर आकडा चढत गेला तर पेट्रोल कमी पडतंय: पंप किंवा फिल्टर. हे आकडे पेट्रोलवरच घ्या. गळती शोधायला गरम इंजिनावर कार्ब क्लीनर फवारणारे बरेच असतात, पण तो भडकतो. गॅरेजमध्ये स्मोक टेस्ट (धूर सोडून गळती शोधणं) करून घ्या.

इंजेक्टरचा संशय असेल तर इंजिन बंद करून त्याच्या दोन पिनांमधला रोध मोजा. बहुतेक साध्या गाड्यांत ११ ते १६ ओहम येतो, आणि सगळ्यांचा जवळपास सारखा यायला हवा. बॅटरीही मोजा: इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास, चालू असताना १३.८ ते १४.५.

९. कॉम्प्रेशन

इथवर येऊनही एकच सिलिंडर मरतुकडा असेल तर कॉम्प्रेशन टेस्ट. गाडी घेण्याआधी हिच्यावर पैसे खर्च करणं सर्वांत शहाणपणाचं. सगळे प्लग काढलेले, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढलेला, कॉइलचे कनेक्टर सुटे, एक्सलेटर पूर्ण दाबलेला, पाच-सहा फेरे क्रँक. निरोगी पेट्रोल इंजिनात साधारण १५० ते २०० पीएसआय येतो, पण सर्वांत चढा आणि सर्वांत उतरता आकडा यांत १०-१५ टक्क्यांहून जास्त फरक नसावा.

कमी आकड्याच्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजायला सांगा. आकडा चढला तर रिंग झिजल्यात. नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. वर्षानुवर्षं गॅसवर पळालेल्या गाडीत व्हॉल्व्हच्या बैठका झिजतात, टॅपेटचा गॅप आपोआप कमी होत जातो आणि गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. वेळेत धरलं तर टॅपेट सेटिंगवर भागतं, नाहीतर हेडचं काम.

१०. गॅरेजला काय सांगायचं

'गाडी मिस मारते, बघा जरा' असं सांगितलंत की बघणं प्लगपासून सुरू होतं आणि बिल तुमच्या नावावर चढत जातं. त्याऐवजी लिहून द्या: कोणता कोड, थंड की गरम, पेट्रोल की गॅस, कॉइल-प्लगची अदलाबदल झाली आहे, निकाल काय. काढलेले पार्ट परत मागा. 'ईसीएम बदलावा लागेल' असं ऐकलंत तर त्याला जाणारा करंट आणि अर्थिंग तपासलं का, हे विचारा आणि दुसरं मत घ्या.

काम झाल्यावर कोड पुसून घ्या आणि पाच-सहा दिवस नेहमीच्या रस्त्याने चालवा: थंड सुरुवात, ट्रॅफिक, एक उड्डाणपूल, पेट्रोल आणि गॅस दोन्ही. मग पुन्हा अडॅप्टर लावा. रेडिनेस मॉनिटर पूर्ण झालेले आणि पेंडिंग (अजून पक्के न झालेल्या) कोडचं पान रिकामं दिसलं तरच उरलेले पैसे द्या.